जोगदंड साहेबांचा तिसरा रकाना

जोगदंड साहेब परवा नेपाळला गेले. हे वाक्य मी लिहितोय खरं, पण बजाजनगरातल्या निम्म्या लोकांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही. कारण हा माणूस कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा हेल्मेट घालतो, आणि तेही पायी जाताना. पायी जाणाऱ्याला हेल्मेट कशाला, असं कुणी विचारलं की म्हणतात, "येताना कुणी गाडीवर बसा म्हणलं तर?"

त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडं आहे. तुळशीला पाणी घालायचं, गॅसचा कॉक बंद आहे ना ते बघायचं, आणि बंद असला तरी एकदा उघडून परत बंद करायचा, अशा सूचना आहेत. सोबत एक पाकीटही देऊन गेलेत. त्या पाकिटापायीच हे सगळं लिहायला बसलोय.

वाळूजच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं मोटारसायकली जोडायच्या लाइनवर काढली. साहेब तिथं इन्स्पेक्शनला होते. लाइनच्या शेवटी स्टुलावर बसून आम्ही जोडलेल्या गाडीकडं ते असं बघायचे की आपणच काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं. एखादा बोल्ट पसंत पडला नाही की लाल पेटीत. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, नुसतं टण्णकन पेटीत. आमच्या सुपरवायझरनं एकदा चिडून विचारलं, "जोगदंड, तुम्हाला आयुष्यात काही पसंत पडतं का?" साहेब म्हणाले, "पडतं ना. पण तपासल्यावर."

त्यांचं लग्न राहिलं ते यापायीच, असं लोक म्हणतात. गेवराईकडच्या एका गावी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं मुलीचे वडील म्हणाले. साहेबांनी वडिलांनाच विचारलं, "तुमच्या विहिरीला कठडा हाय का?" नव्हता. साहेबांनी तो बांधून घ्यायला सांगितलं, मोजमापासकट. कठडा झाला म्हणे, लग्न नाही झालं.

निवृत्तीनंतर त्यांनी विम्याची एजन्सी घेतली. विमा एजंट म्हटला की लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालाही हळूच कार्ड सरकवणारा माणूस डोळ्यापुढं येतो. साहेबांचं उलटं. आलेलं गिऱ्हाईक घालवून कसं देता येईल याच्या प्रयत्नात ते असतात. आणि विमा तरी कसला निवडावा? तर परदेशात जाऊन मोटारसायकली फिरवणाऱ्यांचा, समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचा, बर्फावरून घसरणाऱ्यांचा. वाळूजच्या कंपन्यांमधली पोरं-पोरी हल्ली सुट्टी काढून हेच करतात. ज्या माणसाची मोपेड तिसाच्या पुढं गेलेली कुणी पाहिली नाही, तो हा विमा विकतो, याची आम्ही पोटभर मजा घेतली.

त्यांची पद्धत जगात कुणाची नसेल. विमा घ्यायच्या आधी क्लेम भरायचा. अपघात झालाच असं धरून. जुन्या इन्स्पेक्शन शिटांच्या पाठीवर पट्टीनं आखलेला त्यांचा स्वतःचा फॉर्म असतो, चार रकान्यांचा. पहिला, काय झालं. दुसरा, कसं झालं. तिसरा, उचलायला कोण येणार, नाव, नातं आणि फोन. चौथा, जवळ कागद काय. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की साहेब पेन्सिलीला टोक करतात आणि म्हणतात, "हं, पडा बरं."

माणूस बावचळतो. हा आपला सोमवारी निघायच्या आनंदात, आणि समोरचा म्हातारा विचारतोय, "पाय मोडला का हात? शुद्धीवर हाय का? दवाखाना किती लांब?" फॉर्म भरून झाला की मग पॉलिस्या निघतात, आणि त्याही मागच्या पानापासून वाचायच्या. "पुढच्या पानावर जाहिरात असती," ते म्हणतात, "कंपनी मागच्या पानावर राहती." एक कंपनी मोटारसायकलला प्रवासाचं साधन म्हणते, दुसरी साहसी खेळ म्हणते, तिसरी अमुक सीसीपर्यंत साधन म्हणते आणि त्याच्यावर खेळ. कुठं हेलिकॉप्टरनं खाली आणायचा खर्च धरलेला असतो, कुठं डोंगराच्या उंचीला मर्यादा. भरलेला अपघात त्या कलमांत बसला तर पास. नाही बसला तर पॉलिसी टण्णकन लाल पेटीत. हो, तशीच एक लाल प्लॅस्टिकची पेटी त्यांनी घरी आणून ठेवलीय.

छावणी भागातला एक नवा नवरा बायकोला घेऊन समुद्रात बुडी मारायला निघाला होता. त्याच्या पॉलिसीत किती मीटरपर्यंत खाली जायचं ते लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "अंकल, थोडं इकडंतिकडं चालतंय की." साहेब शांतपणे म्हणाले, "मियाँ, खाली मासे पट्टी घेऊन बसलेत का, तुला किती झालं सांगायला?" त्याची बायको इतकी हसली की त्याला तिथंच मुकाट्यानं दुसरी पॉलिसी बघावी लागली.

अजून एक. फॉर्म कायम पेन्सिलीनं. "झालं नाय ते पेननं लिहायचं नाय," हा त्यांचा नियम. माणूस सुखरूप परत आला की त्यानं पेढे घेऊन यायचं आणि स्वतःच्या हातानं आपला अपघात खोडरबरानं खोडायचा. मग तोच कागद पुढच्याला. माझ्या वाट्याला आलेल्या फॉर्मवर उजेडात धरलं तर कुणाची तरी बर्फात मोडलेली टाच अजून वाचता येत होती.

तिसऱ्या रकान्यावर मात्र ते अडून बसायचे. "उचलायला कोण येणार?" नुसता फोन उचलून रडणारा चालायचा नाही. पासपोर्ट असलेला, निघू शकणारा, डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस पाहिजे. बऱ्याच जणांकडं असा माणूस नसायचा. आईवडील खेड्यात, भाऊ शिकणारा. मग साहेब म्हणायचे, "बरं, माझं लिहा." त्याच्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढून ठेवला होता. कोरा करकरीत. कितीतरी लोकांच्या तिसऱ्या रकान्यात जोगदंड साहेब होते, आणि सगळे सुखरूप परतल्यामुळं साहेब जागचे हलले नव्हते.

मी एकदा सहज विचारलं, "साहेब, एवढा पासपोर्ट आहे तर तुम्ही का नाही जात कुठं?"

"माझा तिसरा रकाना रिकामा राहतो," ते म्हणाले. "आईवडील गेले. गावी भाऊ हाय, पण गुडघ्यामुळं तो गेवराईच्या पुढं सरकत नाय. अन् अर्धा भरलेला फॉर्म मी पास करत नसतो."

मी हसलो. साहेबही हसले. मग त्यांनी चहा टाकला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझी फजिती. माझी मुलगी ऋता पुण्याला नोकरीला आहे. लहानपणी टाकीवर बसवून मी तिला छावणीपर्यंत फिरवून आणायचो, तेव्हापासून आमचं ठरलेलं होतं की एकदा बापलेकीनं मोठ्या गाड्यांवरून लांब कुठंतरी जायचं. दहावी झाली की, बारावी झाली की, इंजिनिअरिंग झालं की, असं करत ती सत्तावीसची झाली. यंदा तिनं विचारणं बंद केलं आणि सरळ तिकिटं काढली. उत्तर थायलंडचे डोंगर, आठ दिवस, दोन गाड्या. दिवाळीनंतर तिचं लग्न. आता नाही तर मग कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं. थायलंडचं नाव काढल्यावर गल्लीतल्या लोकांनी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. मुलीबरोबर चाललोय म्हटल्यावर बिचारे निराश झाले.

निघायला पंधरा दिवस उरले असताना मी ऐटीत साहेबांकडं गेलो. म्हटलं, "विमा झालाय माझा. तिकीट काढताना तिथंच टिक मारली."

"टिक मारून?" साहेबांनी चष्मा काढला. "कुलकर्णी, तुम्ही बोल्ट तरी टिक मारून बसवले नाय कधी. आणा इकडं."

ती पॉलिसी लाल पेटीत जायला तीन मिनिटं लागली. मोटारसायकल शेवटच्या पानावर वगळलेली होती. मग "पडा बरं" झालं. डोंगरात, वळणावर, डावा पाय. तिसऱ्या रकान्याशी गाडी आली. सुनीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पासपोर्ट नाही. "तुमचंच लिहा," मी म्हणालो.

"नातं काय लिहू?"

"शेजारी लिहा."

त्यांनी 'शेजारी' लिहिलं, पेन्सिलीनं, नीट अक्षरात. मग चौथा रकाना. "लायसन बघू."

मी पाकिटातून काढून दिलं. साहेबांनी ते उजेडात धरलं, पालथं केलं, परत सुलटं केलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यावर कार हाय. अन् बिनागिअरची दुचाकी हाय. गिअरची गाडी कुठंय?"

गिअरची गाडी नव्हती. अकरावीत असताना वडिलांच्या लुनासाठी काढलेलं लायसन. पुढं कार घेतली तेव्हा कार चढवली. मोटारसायकल चढवायची राहून गेली. ज्या माणसानं पंचवीस वर्षं रोज मोटारसायकली जोडल्या, त्याच गाडीवरून कामावर गेला आणि आला, त्याच्याकडं मोटारसायकल चालवायचं लायसन नाही! नाक्यावर पोलिसांनी अनेकदा कार्ड बघितलं होतं, पण त्यांनी बघितलं ते कार्ड आहे की नाही एवढंच.

मला दरदरून घाम फुटला. शिकाऊ लायसन काढून परीक्षा द्यायची तर महिना तरी जाणार. मी म्हणालो, "साहेब, तिथं गाडी भाड्यानं देणारा थोडाच हे बारकाईनं बघणार आहे?"

"तो नाय बघणार. पडल्यावर कंपनी बघंल."

"पण मला येते हो चालवायला! तुम्हाला माहीत आहे!"

"मला माहीत हाय. कागदाला माहीत नाय. नाय कुलकर्णी, हे मी पास नाय करणार."

मी तावातावानं उठलो. काय वाटेल ते बोललो. तुम्ही स्वतः कधी कुठं गेला नाहीत, म्हणून दुसऱ्यालाही जाऊ देत नाही, असंसुद्धा बोललो. साहेबांनी पेन्सिलीला टोक केलं. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता, हे कबूल करतो.

संध्याकाळी मी ऋताला कळवायच्या आधीच त्यांनी तिला फोन लावला होता. तिचं लायसन चोख. पोरीनं केव्हाच गिअरची गाडी चढवून घेतलेली, परदेशात चालवायचा परवानाही काढलेला. तोडगा निघाला. गाडी एकच, चालवणार ऋता, मागं बसणार मी. मागं बसणाऱ्याला कोणती पॉलिसी धरते ते साहेबांनी दोन दिवस खपून शोधलं. मागं बसायचं! ज्या पोरीला टाकीवर बसवलं तिच्या मागं! सुनीता पदराआड हसत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "आता तरी कुणी म्हणेल तिथं वळाल."

निघायच्या आदल्या रविवारी सराव झाला. साहेबांचं म्हणणं, पडल्यावर माणसाला इंग्रजी येत नसतं. म्हणून त्यांनी वाक्यं देवनागरीत लिहून आणली होती. "माय डॉटर वॉज रायडिंग. शी हॅज लायसन." आणि खुर्चीत बसून म्हणायची नाहीत, पडून म्हणायची. मी आमच्या हॉलमध्ये फरशीवर आडवा, एक हात अंगाखाली दाबलेला, कानाला फोन. साहेब स्वयंपाकघरात उभे राहून विमा कंपनी झालेले. "स्पीक लाउडली!" असं ते ओरडले आणि मी "आय ॲम ऑन द रोड! आय ॲम इन पेन!" असं बोंबललो, तेवढ्यात शेजारच्या शिंदे वहिनी येसराची आमटी घेऊन दारात. आमटी फरशीवर, वहिनी "अगं बाई, भावजींना काय झालं वं!" म्हणून गल्लीत. पाच मिनिटांत घरात बारा माणसं. साहेबांनी घड्याळ बघून सगळ्यांसमोर सांगितलं, "मदत लौकर आली. पण कागद कुणीच मागितला नाय."

आणि पडलो हो आम्ही. चौथ्या दिवशी, डोंगरातल्या एका वळणावर, भर दुपारी. खडी पसरलेली होती. ऋता हळूच होती, तरी गाडी घसरली. ती खरचटण्यावर सुटली, माझं खांद्याजवळचं हाड मोडलं. ती माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून नुसती "बाबा, माझ्यामुळं, माझ्यामुळं" म्हणत होती. मला इंग्रजीच काय, मराठीही सुचत नव्हतं. हात खिशात गेला आणि साहेबांचा कागद निघाला. मी रस्त्यावर आडवा पडून, आमच्या हॉलमध्ये पडलो होतो तस्साच, ती वाक्यं वाचून दाखवली. कंपनीच्या बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, गाडी कोण चालवत होतं आणि त्या गाडीचं लायसन आहे का. आमच्याकडं उत्तर होतं. तासाभरात दवाखान्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ऋता धडधाकट सोबत होती, म्हणून तिसऱ्या रकान्यातल्या साहेबांना निघावं लागलं नाही. मी चालवत असतो आणि लपवाछपवी करत असतो तर त्या परक्या गावात माझ्या पोरीचं काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

दवाखान्यातून साहेबांना फोन लावला आणि मला रडू आवरेना. साहेब म्हणाले, "रडा नंतर. पोलिसाचा कागद घेतला का?" घेतला होता. "हाडाचा फोटो?" होता. मग म्हणाले, "ऋताला द्या." तिला काय बोलले ते तिनं मला नंतर सांगितलं. "बेटा, चूक खडीची हाय. तुझी नाय. मी तपासलंय." त्यावर ती पहिल्यांदा पोटभर रडली आणि मग जेवली.

परत आल्यावर माझा फॉर्म खोडायचा नव्हता. साहेबांनी मला पेन दिलं. "झालं ना? आता गिरवा." डावा पाय खोडून उजवा खांदा केला. त्यांचा अंदाज पायाचा होता, तो चुकल्याचं त्यांना आठवडाभर वाईट वाटत होतं. काय झालं, कसं झालं, सगळं मी पेननं गिरवलं. तिसऱ्या रकान्याशी आलो. 'शेजारी' हा शब्द गिरवताना माझा हात थांबला. पण साहेब बघत होते, मी गिरवून टाकला.

मग मी त्यांना एकदाचं विचारलं, "साहेब, खरं सांगा. तुमच्या घरात कुणाला काही झालं होतं का? म्हणून तुम्ही एवढं करता?"

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. "नाय हो! कुणाला काय झालं नाय. मला भीती वाटती. लहानपणापासून लई भीती वाटती. बस, एवढंच."

ऋताच्या लग्नात त्यांनी मांडवाचे दोर तपासले, आचाऱ्याला सिलिंडरवरून झापलं, आणि पाठवणीच्या वेळी गाडीच्या चाकातली हवा बघताना डोळे पुसत होते. "धूळ गेली," म्हणाले. माहेरपणाला आली की ऋता आधी त्यांच्याकडं डोकावते. तिनंच त्यांच्यामागं टुमणं लावलं. आमच्या भागातल्या निवृत्त लोकांची नेपाळची सहल ठरली होती, बारा जणांची. तिथं डोंगरावरून छत्री बांधून आकाशात उडायचं असतं, मागं शिकलेला माणूस घेऊन. म्हाताऱ्यांना भलताच हुरूप आलेला. सगळ्यांनी विम्यासाठी साहेबांकडं रांग लावली, सगळे एकेक करून "पडले". साहेब म्हणाले, "मी येईन. पण खाली उभा राहीन. कुणीतरी खाली पाहिजे."

परवा सकाळी बस आली. साहेब हेल्मेट घालूनच चढले. चढता चढता माझ्या हातात हे पाकीट दिलं. "माझा फॉर्म हाय. आल्यावर खोडायचाय. उघडायचं नाय." खिडकीशी बसले, पट्टा शोधला, बसला पट्टा नाही म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घातली. बस वळली तेव्हा काचेतून नुसतं पांढरं हेल्मेट दिसत होतं.

उघडायचं नाही म्हणाले होते. मी उघडलं. इन्स्पेक्शनवाल्यानं माझ्यासारख्याच्या हातात बंद पाकीट द्यायलाच नको होतं.

पहिला रकाना, काय झालं. पेन्सिलीनं लिहिलंय, 'उतरताना दोन्ही घोटे.' दुसरा रकाना, कसं झालं. 'उडालो होतो.' मी ते तीनदा वाचलं. सुनीताला हाक मारली. खाली उभा राहणारा माणूस उडायचं ठरवून गेलाय, आणि गल्लीत कुणालाही पत्ता नाही!

तिसरा रकाना, उचलायला कोण येणार. तिथं ऋताचं नाव आहे. तिच्याखाली माझं. त्याखाली सुनीताचं, कंसात 'पासपोर्ट काढायला लावणे.' फोन नंबर तिघांचे, सगळं पेन्सिलीनं. नातं म्हणून जी जागा असते तिथं एकच शब्द आहे, 'घरचे.' तो तेवढा पेननं लिहिलाय.

खोडरबर मी देवघराच्या खणात ठेवून दिलंय. साहेब आले की पेढे खाऊन बाकीचं सगळं खोडू. तो एक शब्द राहील, त्याला आता कुणाचा इलाज नाही.